दहा वाक्यांतलं ताक

आमच्या घरात रात्रीचं जेवण नव्हतं. जे होतं ते संध्याकाळचं, आणि तेही सूर्याच्या मर्जीनं. आम्ही जैन. दिवस मावळल्यावर तोंडात पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, हा आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा नेम, आणि आण्णांचा नेम म्हणजे घरादाराचा नेम. स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या भिंतीला एक घड्याळ आणि त्याच्या शेजारी सूर्यास्ताची वेळ छापलेलं कॅलेंडर, ही दोन दैवतं असायची. आण्णांचं सरकी-पेंडीचं, म्हणजे गुरांच्या खुराकाचं दुकान होतं. तिथून ते घाईघाईनं सायकल मारत यायचे, हातपाय धुवायचे आणि पाटावर बसायचे. पेंडीचा तो खमंग, तेलकट वास त्यांच्याआधी घरात शिरायचा. मग ज्वारीची गरम भाकरी, मुगाची आमटी, घेवड्याची नाहीतर दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची लालभडक चटणी, थोडा भात आणि शेवटी ताक. आई वाढायची. आमची जेवणं झाली की उरलेल्या आठ-दहा मिनिटांत ती एकटी जेवायची, एक डोळा घड्याळावर ठेवून. तिला निवांत घास चावताना पाहिल्याचं मला आठवत नाही, आणि त्या वयात ते मला खटकलंही नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

आण्णा दिवसभरात एका जागी बसायचे ते तेवढेच, त्यामुळे घरातल्या माणसांना जे काही मागायचं, सुचवायचं असे ते त्या अर्ध्या तासात उरकावं लागे. सगळ्यांत जास्त सुचायचं ते बाळूकाकाला. बाळूकाका आण्णांचा धाकटा भाऊ, लग्न न झालेला, आणि डोकं असं की घास तोंडात असतानाच त्याला पुढची युक्ती सुचायची. दुकानाच्या अर्ध्या भागात व्हिडिओ कॅसेटी भाड्यानं द्यायच्या. अळंब्यांची शेती माडीवर करायची. जुना टेम्पो घेऊन राधानगरीच्या बाजूला गावोगाव पेंड पोचवायची आणि येताना तिकडचा तांदूळ भरून आणायचा. दुकानावर कर्णा लावून म्हशींच्या आवडीची गाणी लावायची, म्हणजे गवळी थांबतील. आण्णा सगळं ऐकून घ्यायचे. मधूनमधून "हं" म्हणायचे. मग ताकाचा पेला एका दमात रिकामा करायचे, मिशी पुसायचे आणि म्हणायचे, "न्हाय जमायचं." झालं. ते उठले की विषयही उठायचा. बाळूकाका दुसऱ्या दिवशी नवी युक्ती घेऊन हजर.

त्या वर्षी मी बारावी झाले होते आणि माझ्याही डोक्यात एक कल्पना होती. मला इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं होतं. कॉलेजचा फॉर्म मी आणून कपाटात पातळांच्या घडीखाली ठेवला होता. त्यावर वडिलांच्या सहीची जागा कोरी होती आणि फॉर्म भरायची शेवटची तारीख शनिवार होती. ती सही मिळाली नाही तर काय, हे मला नीट माहीत होतं. शिवणाचा क्लास, मग सांगलीकडचं नाहीतर निपाणीकडचं एखादं स्थळ. शिवणात वाईट काही नाही, पण मला साधी बटणपट्टी सरळ लावता येत नव्हती. इंग्रजी मात्र मला आवडायचं, आणि ते आवडायला कारण होते पिरजादे सर.

पिरजादे सर एका सायकल दुकानाच्या माडीवर इंग्रजीचा क्लास घ्यायचे. खाली पंक्चर काढायचं काम चाले, त्यामुळे आमचं इंग्रजी हातोडीच्या ठोक्यावर झालं. सर रोज एक जोडक्रियापद शिकवायचे, आणि ते शिकवताना हा माणूस अंगात आल्यासारखं करायचा. त्या सोमवारी त्यांनी फळ्यावर 'शूट डाऊन' लिहिलं, खडूचा तुकडा वर उडवला आणि डस्टरनं त्याला मारायला गेले. खडू हुकला, डस्टर पुढच्या बाकावरच्या मुलाच्या मांडीवर पडलं. सरांनी ते शांतपणे उचलून घेतलं.

"हे बघा," ते म्हणाले, "तुमच्या डोक्यात एक कल्पना येतीय. ती तुम्ही चार माणसांत बोलून दाखवताय, म्हंजे हवेत सोडताय. अजून तिचे पंख बी नीट उघडले नसतात, तोवर कोणतरी म्हणतंय, 'ह्या! असलं कुठं असतंय व्हय?' खल्लास. त्याला म्हणायचं शूट डाऊन."

मी विचारलं, "मग सर, परवा शिकवलेलं टर्न डाऊन?"

"ते सभ्य माणसाचं काम. कुणी चहाला बोलावलं, नोकरी देऊ केली, स्थळ सांगून आलं, आणि आपण हात जोडून नको म्हटलं, तर टर्न डाऊन. त्यात नमस्कार असतोय. शूट डाऊनमधे नमस्कार नसतोय. तिथं कल्पना पडतीय, आणि वर चार लोक हसत्यात."

मग त्यांनी गृहपाठ दिला. आपापल्या घरात कुणाची कल्पना कुणी पाडली ते बघायचं आणि दहा वाक्यं लिहायची. कल्पना कोणती, पाडली कुणी, आणि त्या वेळी तो माणूस नेमकं काय करत होता, सगळं आलं पाहिजे. "खोटी वाक्यं मला वासावरनं कळतात," असा दमही दिला. वर्गातली बाकीची पोरं दहा वाक्यं कुठून आणायची म्हणून रडकुंडीला आली. मी मात्र मनातल्या मनात हसत होते. दहा वाक्यं म्हणजे आमच्या घरची दोन-तीन जेवणं.

बुधवारी संध्याकाळी माझी नऊ वाक्यं भरली. त्यांतली सहा एकट्या बाळूकाकाची होती. एक शेजारच्या काकूंचं, त्या दोन घरांत मिळून एक म्हैस घेऊ म्हणाल्या होत्या. दोन माझ्या धाकट्या भावाची, त्याला तालमीत जायचं होतं आणि ते पडल्यावर निदान लाल लंगोट तरी हवा होता. ज्या घरात मुंग्यांना साखर घातली जायची, त्या घरात मी वहीत लिहीत होते की आण्णांनी आज तीन पाडल्या. दहाव्या वाक्यासाठी मी मनाचा हिय्या केला आणि म्हटलं, "आण्णा, मी इंग्रजी घेऊन बी.ए. करू?" आण्णा म्हणाले, "हं." बाळूकाका म्हणाला, "करू दे की दादा, दुकानाची पाटी इंग्रजीत करू." तेवढ्यात ताक आलं. आण्णांनी पेला रिकामा केला, मिशी पुसली. "न्हाय जमायचं." दहावं वाक्य पुरं झालं. ते लिहिताना माझे डोळे भरून आले होते आणि शाई थोडी पसरली. पण गृहपाठ पूर्ण झाल्याचं एक हलकट समाधानही वाटत होतं, तेही खरं.

गुरुवारी सरांनी वही परत दिली तेव्हा त्यात लाल शाईचा सडा पडला होता. चूक एकही नव्हती. त्यांनी दहाही वाक्यांत एकाच शब्दाभोवती गोल काढले होते, आणि खाली लिहिलं होतं, 'ताक ताक ताक! निबंध ताकावर नाही. दर वेळी तेच काय? दुसरं काही लिही.' मी म्हटलं, "सर, मी खोटं न्हाई लिहिलं. आण्णा दर वेळी ताकच पीत होते." सर चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "असं हाय व्हय? मग बाई, तुझी वाक्यं चुकलीत. पाडणारा माणूस तू भलताच लिहिलाईस. ताक कोण वाढतंय?"

मी सायकल हातात धरून चालत घरी आले, कारण चालवायला लक्ष नव्हतं. बारा-तेरा वर्षं मी त्या पाटांच्या रांगेत बसत होते आणि मला वाटत होतं की ताक जेवण संपत आलं म्हणून येतं. त्या संध्याकाळी मी आण्णांकडं बघितलंच नाही, आईकडं बघत बसले. बाळूकाकानं टेम्पोचं पुन्हा काढलं. आण्णांच्या ताटात अजून अर्धी भाकरी होती. आई चुलीपुढून उठली, ताकाचा तांब्या उचलला आणि आण्णांचा पेला भरला. आण्णांनी भाकरी बाजूला सारली, पेला रिकामा केला, मिशी पुसली आणि टेम्पो पाडला. ते उठायच्या आत भाऊ म्हणाला, शाळेत पायात घालायला चप्पल पाहिजे. आईनं तांब्याला हात लावला नाही, गरम भाकरीचा चतकोर आणून आण्णांच्या ताटात टाकला; जेवण पुन्हा सुरू झालं. आण्णा तो खाता खाता म्हणाले, "आयतवारी जाऊया की आणायला."

आता आमच्या घरचा एक व्हॉट्सॲपचा गट आहे. कुणी काही सुचवलं की खाली अंगठे उमटतात, आणि ज्याला नको असेल तो नुसता गप्प बसतो. मला ते बेचव वाटतं. नकार कसा, ताजा घुसळलेला हवा.

शुक्रवारी सकाळी आई ताक घुसळत बसली होती. मी वही घेऊन तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आई, हे ऐक." आई चौथीपर्यंत शिकलेली. मी तिला खडू-डस्टरची गोष्ट सांगितली, शूट डाऊन म्हणजे काय ते सांगितलं, आणि दहाही वाक्यं मराठीत करून वाचून दाखवली. म्हशींच्या गाण्यांचं वाक्य ऐकून ती एवढी हसली की रवीची दोरी तिच्या हातातून सुटली. डोळे पुसत म्हणाली, "आणि हे तुझ्या सरास्नी कळलं व्हय, ताकाचं? लई बेरकी माणूस दिसतोय."

"म्हंजे तू मुद्दाम वाढतीस?"

"मग? बाळूच्या डोक्यात खूळ शिरलं की कुणी आवरायचं त्याला? तुझ्या आण्णांस्नी पोट भरल्यावर कुणाचंबी ऐकू येत न्हाई. ताक पिलं की पोट भरतंय. मला भांडाय लागत न्हाई, त्यास्नी इचार कराय लागत न्हाई."

"आणि माझ्या बी.ए.ला का वाढलंस गं?"

रवी थांबली. आईनं पदराला हात पुसले, उगीचच परत पुसले. "तू इंग्रजी शिकलीस की माझ्यासंगं काय बोलशील?" ती म्हणाली. "आमची शिकलेली मावसबहीण आलती गेल्या वर्षी. तासभर बसली. सगळं तिच्या पोरासंगं इंग्रजीतनं. मी आपली भिंतीगत बसलेली. म्हटलं, आपली पोरगी पण अशीच व्हायची."

माझा राग तिथंच गळून गेला. मी म्हटलं, "आणि आत्ता अर्धा तास मी काय करालोय? जे शिकले ते तुलाच सांगितलं की."

आईनं थोडा विचार केला. "व्हय की," ती म्हणाली. मग रवी पुन्हा सुरू केली आणि वहीकडं बोट दाखवून सहज विचारावं तसं विचारलं, "त्यात माझं न्हाई व्हय?"

"तुझं काय?"

"मंगळवारी म्हटलेलं की मी. एकदा पन्हाळ्याला जाऊन यावं म्हणून. माडीवर वाळवण घालाय गेलं की रोज दिसतोय समोर. लगीन होऊन आल्यापास्नं बघालोय, एकदा तिथनं आपलं घर कसं दिसतंय बघावं."

मला काही आठवेना. मंगळवारी मी पाटावर होते, कान टवकारून, पेन्सिल ओच्यात लपवून. बाळूकाकाची अळंबी मी टिपली, भावाचा लंगोट टिपला. आईनं पन्हाळा म्हटलेला मी ऐकलाच नव्हता. माझ्यासारख्या वाक्यं गोळा करत फिरणाऱ्या मुलीनंसुद्धा. मला तिथल्या तिथं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वहीत अकरावं वाक्य लिहिलं, 'माझ्या आईची पन्हाळ्याला जायची कल्पना आम्ही शूट डाऊन केली,' आणि दुपारी सरांना नेऊन दाखवलं.

सरांनी ते वाचलं आणि त्यावर आडवी काट मारली. "पाडली कुणी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणीच नाही, कुणी ऐकलंच नाही. "मग हे वाक्य चूक हाय," सर म्हणाले. "पाडायला आधी कुणीतरी वर बघाय लागतंय." त्या दिवशी त्यांनी खडूही उडवला नाही. पुढं मी जवळपास तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शूट डाऊन आलं की मी सरांची ही अट पोरांना न चुकता सांगत आले. पोरं ती लिहून घेतात आणि पेपरात विसरतात.

घरी येऊन मी आईला सांगितलं की तुझं वाक्य सरांनी काटलं, आणि का काटलं तेही सांगितलं. ती भाकऱ्या थापत राहिली.

त्या संध्याकाळी आण्णा पाटावर बसले तेव्हा काहीतरी वेगळं होतं, पण काय ते कुणाला चटकन कळलं नाही. आईनं भाकरीची टोपली, आमटीचं पातेलं, भाताचं भगुणं, सगळं आमच्या मधोमध आणून ठेवलं. "घ्या ज्याचं त्यानं," म्हणाली, आणि स्वतःसाठी पाट ओढून माझ्या शेजारी बसली. बाळूकाकाचा घास हातात राहिला. आण्णांनी घड्याळाकडं बघितलं, कॅलेंडरकडं बघितलं. सणबीण आहे का ते त्यांनी तपासलं असावं.

दिवस मावळायला वीस मिनिटं होती. मी फॉर्म पाटाखाली घेऊन बसले होते. "आण्णा," मी म्हटलं, "उद्या शेवटचा दिवस हाय. मला इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं हाय. सही पाहिजे."

"हं," आण्णा म्हणाले. त्यांनी भाकरी संपवली, थोडा भात घेतला, तोही संपवला. मग सवयीनं उजवा हात पेल्याकडं गेला. पेला रिकामा होता. "ताक?"

"न्हाई आज," आई म्हणाली.

"का?"

"मी पिलं."

"सगळं?"

बाळूकाका न राहवून म्हणाला, "वैनी, दोन तांबे असतंय की ते!"

"एक शेजारी दिलं. एक पिलं," आई म्हणाली आणि निवांत घास चावू लागली.

आण्णांचा मिशी पुसायला हात वर गेला, पण मिशीला काहीच लागलेलं नव्हतं. त्या माणसानं जन्मात कोरड्या मिशीनं नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी आणखी एक चतकोर भाकरी घेतली. चटणी घेतली. सगळे त्यांच्याकडं बघत होते, आणि बोलल्याशिवाय सुटका नाही हे त्यांनाही कळलं असावं. मग त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कल्पनेबद्दल प्रश्न विचारला.

"किती वर्षाचं असतंय ते?"

"तीन."

"आणि मग?"

"मग शिकवायचं. शाळेत."

"पेंडीच्या पोत्यावर काय काय इंग्रजीत छापलेलं असतंय. ते वाचता येईल?"

"ते आत्ताच येतंय, आण्णा."

"येतंय?" आण्णांना त्याचं मनापासून नवल वाटलं. "मग इतके दिवस बोलली न्हाईस ते?" त्यांनी घड्याळाकडं बघितलं, पाण्याचा तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायलं आणि म्हणाले, "आण तो कागद." मी पाटाखालून फॉर्म काढला. त्यांनी हात न धुताच सही केली, त्यामुळे कोपऱ्यावर शेंगदाण्याच्या चटणीचा लाल अंगठा उठला. कॉलेजच्या कारकुनानं तो नखानं खरवडून बघितला आणि सोडून दिला.

पुष्कळ वर्षांनी मी आण्णांना विचारलं होतं की ताकाचं तुम्हाला ठाऊक होतं का. ते म्हणाले, "त्यात काय ठाऊक असायचं? ताक आलं की जेवण संपलं. जेवण संपलं की विषय संपला. विषय संपला म्हंजे न्हाईच की." ते खरंच बोलत होते. आयुष्यभर घर आपण चालवतो असं त्यांना वाटत राहिलं, आणि आईनं ते कधी पाडलं नाही.

पण ती संध्याकाळ तेवढ्यावर संपली नाही. बाळूकाकानं मला टपली मारली, भाऊ उगीचच टाळ्या वाजवायला लागला. आण्णा उठायच्या बेतात होते. आईनं ताटातला शेवटचा घास सावकाश खाल्ला, पाणी प्यायलं, आणि मग ती हात पुसत घड्याळाकडं बघत बसली. आम्हाला वाटलं, ती नेहमीसारखी वेळ बघते आहे. काटा सूर्यास्तावर आला, तिथून पुढं सरकला. बाहेर पन्हाळ्याच्या अंगाला नुसती तांबूस रेघ उरली होती. आई घसा साफ करून, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "आणि आयतवारी मी पन्हाळ्याला जाणार हाय."

सगळ्यांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं. आण्णांचा उजवा हात आपसूक पेल्याकडं गेला आणि तिथंच थांबला. दिवस मावळून चार मिनिटं झाली होती. आता उद्यापर्यंत घरात कुणालाच काही पिता येणार नव्हतं.